टर्न कोणाचा? टेबलावर वस्तू ठेवायची, घड्याळ ठेवायचं की फोनमधलं अ‍ॅप?

(ऑडिओ एपिसोडचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल, पण ज्यांच्याकडे शनिवारी रात्री चार-पाच जण बोर्ड गेम उघडून बसतात त्यांना तो लगेच कळेल. खेळ रंगात आलेला असतो. एक जण चहा आणायला उठतो, दुसरा सहज रील बघायला लागतो, आणि मग ते वाक्य येतं: "अरे, टर्न कोणाचा आहे?" सगळे एकमेकांकडे बघतात. "तुझाच ना?" "नाही रे, माझा कधीच झाला!"

एका श्रोत्याने विचारलं होतं की यासाठी काही विकत घ्यावं, की एखाद्या फुकट अ‍ॅपने भागेल? उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. टर्न कोणाचा एवढंच लक्षात ठेवायचं असेल तर वस्तू पुरते. दोघांमध्ये वेळ वाटायचा असेल तर बुद्धिबळाचं घड्याळ सगळ्यात छान. तीन किंवा जास्त जणांचा वेळ मोजायचा असेल किंवा टर्नचा क्रम सारखा बदलत असेल, तर अ‍ॅप. आणि यातलं काहीही निवडण्याआधी आपली अडचण नेमकी कोणती आहे ते बघायचं, कारण "खेळ फार लांबतो" या एका तक्रारीत वेगवेगळ्या तीन अडचणी लपलेल्या असतात.

आधी साधा हिशेब

समजा चार जण खेळताय आणि प्रत्येकाचे १५ टर्न होतात. म्हणजे एकूण ६० टर्न. सरासरी २ मिनिटं धरली तर १२० मिनिटं. त्यातली ३० मिनिटं तुम्ही खेळता आणि ९० मिनिटं इतरांचं बघत बसता. फोन हातात का येतो, त्याचं उत्तर इथेच आहे.

आता यात वेळ कुठे गळतो ते बघू.

पहिली गळती: टर्न आपला आहे हेच कळत नाही. दर टर्नला फक्त १० सेकंद गेली तरी ६० टर्नची १० मिनिटं होतात.

दुसरी गळती: टर्न आल्यावरच विचार सुरू होतो. इतरांचे टर्न चालू असताना आपण पुढची खेळी ठरवलेलीच नसते. इथे दर टर्नला ३० सेकंद गेली की अर्धा तास गेला.

तिसरी गळती: एकाच माणसाला जास्त वेळ लागतो. तिघं २ मिनिटांत खेळतात आणि चौथा ४ मिनिटं घेतो. १५ टर्न गुणिले जादाची २ मिनिटं, म्हणजे पुन्हा अर्धा तास.

पहिल्या गळतीला घड्याळ लागतच नाही, एखादी खूण पुरते. दुसरीला खूण आणि थोडी सवय लागते. घड्याळाचा प्रश्न खऱ्या अर्थाने येतो तो फक्त तिसऱ्या गळतीत, आणि तिथे ते सगळ्यात जपून वापरावं लागतं. त्याकडे शेवटी येतो.

स्ट्रायकर: आपल्या घरातला टर्न-ट्रॅकर

कॅरम आठवा. टर्न कोणाचा, असा प्रश्न कॅरमवर फारसा पडत नाही. कारण सोपं आहे: ज्याच्याकडे स्ट्रायकर, त्याचा टर्न. सोंगटी गेली की स्ट्रायकर तुमच्याकडेच राहतो, नाही गेली की पुढच्याकडे सरकतो. सारीपाटात हेच काम कवड्या करायच्या. कटानमध्ये, म्हणजे क्लाउस टॉयबर यांच्या १९९५ च्या त्या प्रसिद्ध खेळात, फासे हेच काम करतात. आपला टर्न संपला की फासे डावीकडच्याला द्यायचे, बास.

कंप्युटरवाल्यांना यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. १९८० च्या दशकात ऑफिसांमध्ये 'टोकन रिंग' नावाचं नेटवर्क आलं. त्यात एक टोकन मशीनकडून मशीनकडे फिरायचं आणि ज्याच्याकडे टोकन असेल तोच डेटा पाठवायचा. त्यामुळे दोघे एकदम बोलतायत असा गोंधळ होत नसे. स्ट्रायकर हे तेच टोकन. ते फक्त टर्न दाखवत नाही, टर्न ते स्वतःच आहे. ते हातात नसेल तर खेळताच येत नाही.

अ‍ॅप इथेच कमी पडतं. अ‍ॅप टर्नची नोंद ठेवतं, पण खेळ त्या नोंदीवर अडून नसतो. बटण दाबायचं विसरलं तरी तुम्ही पत्ता टाकू शकता. मग स्क्रीनवर एकाचं नाव आणि टेबलावर दुसराच खेळतोय, अशी अवस्था. स्ट्रायकरच्या बाबतीत असं होऊच शकत नाही.

म्हणून पहिला नियम: ज्या वस्तूशिवाय टर्न सुरूच होत नाही, तीच टर्नची खूण करा. फाशांचा खेळ असेल तर फासे पुढे द्या. पत्ते ओढायचे असतील तर गड्डी ज्याचा टर्न त्याच्यासमोर सरकवा. यातलं काहीच नसेल तर स्टीलची एक वाटी चालेल, पण एक अट घाला: वाटी समोर आल्याशिवाय हात हलवायचा नाही आणि टर्न संपल्यावर ती स्वतःच्या हाताने पुढे द्यायची. वस्तू जरा मोठी आणि टेबलावर उठून दिसणारी हवी. पाच रुपयांचं नाणं चालणार नाही, ते खेळातल्या टोकनमध्ये हरवतं.

वस्तूचा अजून एक फायदा म्हणजे ती सगळ्यांना सारखी दिसते. चहा घेऊन परत आलेल्याला विचारावं लागत नाही. ज्याला नीट दिसत नाही त्याला हाताने चाचपूनही कळतं. काचेच्या सपाट स्क्रीनवर ते जमत नाही.

काही खेळांनी हे आधीच सोडवलंय

काही विकत घेण्याआधी तुमच्या खेळाचा बॉक्स नीट बघा. अझुल या २०१७ च्या खेळात पुढच्या फेरीत पहिला कोण, हे एक टाइल ठरवते. मधल्या ढिगातून जो पहिल्यांदा उचलतो त्याच्याकडे ती जाते आणि त्याबद्दल त्याचे गुणही कापले जातात. किंगडोमिनोमध्ये तुम्ही कोणत्या टाइलवर आपला राजा ठेवलाय, त्यावरून पुढचा क्रम लागतो. उवे रोझेनबर्ग यांच्या पॅचवर्कमध्ये तर कमालच आहे. तिथे 'एकदा तू, एकदा मी' नाहीच. वेळेच्या पट्टीवर जो मागे, त्याचा टर्न. पट्टीकडे बघितलं की उत्तर समोर.

सेव्हन वंडर्ससारखे खेळ वेगळे. तिथे सातही जण एकाच वेळी पत्ता निवडतात, म्हणजे टर्न ही भानगडच नाही. प्रश्न फक्त एवढाच असतो की अजून कोणाचं ठरलं नाही. ज्याचं ठरलं त्याने पत्ता उलटा खाली ठेवला की झालं. अशा खेळाला अ‍ॅप लावणं म्हणजे नसतं काम वाढवणं.

वाळूचं घड्याळ: दिसायला छान, हिशेबाला कच्चं

आता वेळेकडे वळू. बॉक्समध्ये वाळूचं घड्याळ आलं की आपल्याला वाटतं, चला, काम झालं. शब्द ओळखण्याच्या खेळांत ते ठीकच आहे, कारण तिथे वेळ पूर्ण संपेपर्यंत खेळायचं असतं. पण टर्नच्या खेळात त्याचा एक घोळ होतो.

समजा घड्याळ १ मिनिटाचं आहे. मी ४० सेकंदात खेळलो आणि ते उलटं करून तुमच्यापुढे ठेवलं. खाली ४० सेकंदांचीच वाळू पडली होती, तीच आता वर आली. म्हणजे तुम्हाला मिनिट नाही, ४० सेकंदच मिळाली. मी २० सेकंदात खेळलो असतो तर तुमच्या वाट्याला २० च. पटकन खेळणारा पुढच्याचा वेळ खातो! यावर उपाय म्हणजे दोन घड्याळं ठेवायची. एक चालू असेल तेव्हा दुसरं पूर्ण रिकामं होऊ द्यायचं.

बुद्धिबळवाल्यांनी हा प्रश्न कसा सोडवला

वेळेचा प्रश्न सगळ्यात जुना बुद्धिबळात. १८६१ मध्ये लंडनला अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळं वापरली होती. मग १८८३ च्या लंडन स्पर्धेत जोडघड्याळ आलं: एकमेकांना जोडलेली दोन घड्याळं, एक थांबलं की दुसरं चालू. आजच्या घड्याळाचं तत्त्व तेच आहे. प्रत्येकाला वेळेचा एक साठा द्यायचा, तो कुठे आणि किती खर्च करायचा हे त्याने ठरवायचं.

पुढची मोठी सुधारणा बॉबी फिशरची. त्याला १९८९ मध्ये अशा घड्याळाचं पेटंट मिळालं ज्यात प्रत्येक खेळीला थोडी सेकंदं परत साठ्यात जमा होतात. १९९२ मध्ये स्पास्कीबरोबरच्या त्याच्या दुसऱ्या लढतीत असंच घड्याळ वापरलं गेलं. आज हीच पद्धत सगळीकडे आहे. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीमध्ये कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तो निकाल जलद डावांच्या टायब्रेकमध्ये लागला. तिथेही दर खेळीला वाढीव सेकंद मिळत होतेच.

आपल्याला यातून घेण्यासारखं काय? 'दर टर्नला सक्तीने २ मिनिटं' हा नियम वाईट. सोप्या टर्नला १० सेकंद पुरतात, अवघड टर्नला ५ मिनिटंही कमी पडतात. त्यापेक्षा साठा अधिक वाढीव सेकंद ही पद्धत माणसाला समजून घेणारी आहे. स्पर्धेतल्या स्क्रॅबलमध्येही प्रत्येकाला साधारण २५ मिनिटांचा साठा असतो. तो संपला तरी डाव संपत नाही, फक्त जादा लागणाऱ्या दर मिनिटाला १० गुण कापले जातात. घरगुती खेळाला ही कल्पना फार चांगली. वेळ संपला म्हणून कोणाला बाहेर बसवायचं नाही.

अजून एक बारीक नियम उसना घेण्यासारखा आहे. ज्या हाताने खेळी केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं, असा बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा, म्हणजे फिडेचा नियम आहे. म्हणजे आधी खेळी पूर्ण, मग बटण. एका हाताने सोंगटी आणि दुसऱ्या हाताने घड्याळ, असली चलाखी बंद.

मग बुद्धिबळाचं घड्याळच घ्यावं का? दोघांच्या खेळांना जरूर घ्या. बटण मोठं असतं, आवाज येतो, न बघता दाबता येतं. पण त्याला बाजू दोनच. तीन ते सहा जणांसाठी वेगळी उपकरणं मिळतात. उदाहरणार्थ, डीजीटी या डच कंपनीचा क्यूब टायमर आहे, त्यात टर्न बदलला की ठोकळा फिरवायचा. फक्त एक लक्षात ठेवा. बुद्धिबळात माझ्या खेळीच्या वेळी समोरच्याला करण्यासारखं काही नसतं. कटानमध्ये मी "गहू देतो, वीट दे" म्हणतो आणि समोरचे तिघं विचार करत बसतात. घड्याळ माझं पळतं, वेळ ते घेतात. असा देवघेवीचा खेळ असेल तर पॉझ करायची सोय हवीच, आणि ती सहज हाताशी हवी.

अ‍ॅपची खरी ताकद, आणि ते निवडताना काय बघायचं

आता अ‍ॅप. त्याची ताकद आहे लक्षात ठेवण्यात. ट्वायलाइट इम्पेरियमसारखा खेळ घ्या. सहा जण, अख्खा दिवस, आणि प्रत्येक फेरीत क्रम बदलतो, कारण तुम्ही कोणत्या नंबरचं स्ट्रॅटेजी कार्ड घेतलं त्यावर तो ठरतो. शिवाय कोणी पास म्हटलं की तो त्या फेरीच्या क्रमातून बाहेर. इथे वाटी फिरवून भागत नाही. वाटीला डावीकडचा माणूस कळतो, चौथ्या नंबरचा कळत नाही. अशा वेळी अ‍ॅप मस्त.

डाउनलोड करण्याआधी पाच गोष्टी तपासा.

एक: क्रम मधेच बदलता येतो का, आणि एखाद्याला त्या फेरीपुरतं वगळता येतं का? येत नसेल तर ते अ‍ॅप वाटीपेक्षा काही जास्त करत नाही.

दोन: मागे जाता येतं का? चुकून बोट लागणारच. 'अनडू' नसेल तर दोन फेऱ्यांनंतर त्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

तीन: स्क्रीन बंद झाल्यावर वेळ बरोबर राहतो का? हे घरीच तपासा. टायमर सुरू करा, फोन लॉक करा, दुसऱ्या घड्याळावर ३ मिनिटं मोजा आणि परत उघडा. चांगलं अ‍ॅप टर्न सुरू झाल्याची वेळ नोंदवून ठेवतं आणि नंतर वजाबाकी करतं, त्यामुळे मधे फोन झोपला तरी फरक पडत नाही. कच्चं अ‍ॅप एक-एक सेकंद मोजत बसतं. बॅटरी वाचवायला फोनने ते मागे थांबवलं की सेकंद गायब.

चार: एअरप्लेन मोडवर चालतं का? टर्न मोजायला इंटरनेट लागायचं काही कारण नाही.

पाच: परवानग्या कोणत्या मागतं? टर्न-टायमरला तुमचे कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशन कशाला हवंय? मागत असेल तर सरळ दुसरं अ‍ॅप शोधा.

फोन टेबलावर आला की

अ‍ॅपचा मोठा तोटा अ‍ॅपमध्ये नसतोच, तो फोनमध्ये असतो. ज्याच्या फोनवर टायमर, त्याच्या ग्रुपचे मेसेज वरून टपकत राहतात. टर्न बदलायला फोन उचलला की दोन मिनिटं तो हातातच राहतो. म्हणजे लक्ष खेळात राहावं म्हणून आणलेली गोष्टच लक्ष घालवते.

स्पर्धेतलं बुद्धिबळ फोनबाबत फार कडक आहे. २००३ मध्ये युरोपियन सांघिक स्पर्धेत रुस्लान पोनोमारियोव्हचा फोन वाजला आणि तो डाव हरल्याचं जाहीर झालं. आज नियम अजून कडक आहेत. परवानगीशिवाय खेळण्याच्या जागी फोन जवळ सापडला तर डाव जातो, तो वाजावाही लागत नाही. तिथे कारण फसवणुकीचं आहे, आपल्या घरी लक्षाचं.

उपाय सोपे आहेत. शक्यतो जुना, सिम नसलेला फोन किंवा टॅब्लेट वापरा. तो टेबलाच्या मधे, सगळ्यांचा हात पोचेल असा ठेवा. एका माणसाला 'टायमर सांभाळणारा' करू नका. तो बिचारा खेळतो कमी आणि बटणं दाबतो जास्त. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप पिनिंग आणि आयफोनमध्ये गायडेड अ‍ॅक्सेस ही सोय असते, त्याने तेच एक अ‍ॅप समोर राहतं. डू नॉट डिस्टर्ब लावा, स्क्रीन बंद न होण्याचं सेटिंग चालू करा, चार्जर जवळ ठेवा.

घड्याळ कोणावर रोखलंय?

आता ती तिसरी गळती: एकाच माणसाला वेळ लागतो. इथे नीट ऐका, कारण इथे बिनसलं तर पुढच्या शनिवारी एक जण कमी येतो.

बहुतेक वेळा टायमर आणायचा विचार सगळ्यांसाठी नसतोच, तो एका कोणासाठी असतो. आणि तो बहुतेकदा ग्रुपमधला नवीन माणूस असतो, किंवा कोणाची ताई, कोणाची आई. घड्याळाला इतकंच कळतं की ४ मिनिटं गेली. कशात गेली ते त्याला कळत नाही. टेराफॉर्मिंग मार्समध्ये २०० हून जास्त वेगवेगळी कार्डं आहेत आणि प्रत्येकावर बारीक इंग्रजी मजकूर. जो पहिल्यांदा खेळतोय, किंवा ज्याला इंग्रजी सावकाश वाचायची सवय आहे, त्याची मिनिटं वाचण्यात जातात. तो विचारात स्लो नाहीये. त्याच्यासमोर उलटी मोजणी लावली तर तो न वाचताच काहीतरी खेळेल, हरेल, आणि पुढच्या वेळी "तुम्ही खेळा, मी बघतो" म्हणेल.

म्हणून घड्याळ आणण्याआधी एक डाव नुसतं बघा की वेळ जातो कशात. वाचण्यात जात असेल तर कार्ड आधी वाटा, शेजारच्याने मोठ्याने वाचून दाखवा. नियम आठवण्यात जात असेल तर एका कागदावर मराठीत टर्नच्या पायऱ्या लिहून ठेवा. खूप पर्यायांमुळे माणूस अडकत असेल, तरच घड्याळ.

आणि घड्याळ लावलंच तर ते सगळ्यांना लावा. नियम खेळ सुरू होण्याआधी ठरवा. नवीन माणसाला साठा जास्त द्या, बुद्धिबळातही कमी-जास्त वेळ देऊन खेळायची जुनी पद्धत आहे. अ‍ॅप असेल तर खेळाच्या शेवटी 'कोणी किती वेळ घेतला' ही यादी दाखवायचं सेटिंग बंद ठेवा. ती यादी वाचताना सगळे हसतात, पण ज्याचं नाव सगळ्यात वर असतं तो मनापासून हसत नाही.

थोडक्यात

टर्न विसरला जातोय? फासे, गड्डी किंवा वाटी. खर्च शून्य, आजच सुरू करा.

दोघांचा खेळ आणि वेळ वाटायचाय? बुद्धिबळाचं घड्याळ, साठा अधिक वाढीव सेकंद.

क्रम सारखा बदलतोय, माणसं चार-सहा, खेळ लांब? अ‍ॅप, पण जुन्या फोनवर आणि टेबलाच्या मधोमध.

दोन्ही एकत्र वापरायलाही काही हरकत नाही: अ‍ॅप क्रम आणि वेळ सांभाळेल, वाटी टर्न दाखवेल. फक्त भांडण झालं तर वाटीचं ऐकायचं, हे आधीच ठरवून ठेवा, कारण वाटी सगळ्यांनी जाताना पाहिलेली असते.

आणि कोणाला वेळ लागतोय असं वाटलं, तर घड्याळ काढण्याआधी त्याला एकदा विचारा: "कार्ड वाचून दाखवू का?" कित्येकदा तेवढ्यानेच अर्धा तास वाचतो.